उन्हाळ्याच्या सुट्ट्या: गावाला येणाऱ्यांच्या आणि गावात राहणाऱ्यांच्या

शाळाताई

१ मेला झेंडा झाला, मुलांच्या हाती निकाल दिले आणि शाळेला कुलूप लागलं. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माहेर नागपूरचं, वाढले शहरातच. नोकरी लागल्यावर गावात खोली घेतली, अपडाऊन केलं नाही. तरी सुट्ट्या लागल्या की दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं नागपूर गाठायचं, हे ठरलेलं. या वर्षी मात्र नवतपा लागेपर्यंत इथंच राहणार आहे. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. या दिवसांत इकडचं माणूस कामाशिवाय उन्हात पाऊल टाकत नाही.)

राहण्याचं कारण म्हणजे पुण्याची बहीण तिची दोन्ही मुलं माझ्याकडे पाठवते आहे. फोनवर म्हणाली, "त्यांना एकदा गाव दाखव गं, आपण आजोळी जायचो तसं." मी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, की दाखवायचं म्हणजे नेमकं काय?

आमचं आजोळ घाटंजीकडचं. मे महिना म्हणजे आमरस आणि सरगुंडे, अंगणात ओळीनं टाकलेल्या बाजा, दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायला आम्हा मुलांची भांडणं, गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांची राखण आणि राखता राखता अर्ध्या खाऊन टाकणं. हे सगळं खरं आहे आणि मला प्रिय आहे. पण इतकी वर्षं गावात काढल्यावर आता त्याच चित्रातली बाकीची माणसं दिसायला लागली आहेत. काडीवर पीठ वळून वळून सरगुंडे करायला मामी किती वाजता उठत असेल? आम्ही सगळी मावस-मामेभावंडं महिनाभर तिथं असायचो. आंघोळीला, धुण्याला, रांजणाला लागणारं पाणी विहिरीतून शेंदूनच यायचं. ते कोणी शेंदलं, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. आमच्या आठवणीत विहीर आहे ती पोहायची.

आता माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत काय करतात ते सांगते. सहावीतली एक मुलगी पहाटेच हातपंपावर नंबर लावते, कारण उजाडल्यावर पंपाचं पाणी मागं जातं आणि दांडा नुसताच वर-खाली होत राहतो. पाचवीतला एक मुलगा शेळ्या घेऊन नाल्याकाठी जातो. दोघी बहिणी आईसोबत उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा तोडायला जातात. सावलीत बसून करायचं काम, शेंगा मोजून पैसे मिळतात, म्हणून मुलांनाही चालतं. सातवीतली मुलं बापाबरोबर वावरात पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) धसकटं वेचतात. शाळा चालू होती तोवर खिचडी मिळत होती, आता तीही नाही. "सुट्टीत काय केलं?" असा निबंध मी जूनअखेर फळ्यावर लिहीत असे. दोन वर्षांपासून लिहीत नाही. तो विषय गावाला येणाऱ्या मुलांचा आहे, गावातल्या मुलांचा नाही.

गाव म्हणजे दुःखच दुःख, असं मला मुळीच म्हणायचं नाही. संध्याकाळी ऊन कललं की शाळेच्या मैदानावर जो गलका असतो, तो मी नागपूरच्या आमच्या कॉलनीत गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गावच्या सुट्टीच्या ज्या आठवणी आपण लिहितो-वाचतो, त्या बहुतेक पाहुण्यांनी लिहिलेल्या आहेत. घरच्यांनी लिहिलेल्या मला फारशा सापडल्या नाहीत.

तर विचारते: तुमची उन्हाळ्याची सुट्टी पाहुण्याची होती की घरच्याची? आणि गावात राहिलेल्या शिक्षिकेनं या सहा-सात आठवड्यांत मुलांसाठी काय करावं, असं तुम्हाला वाटतं?

अकोटचा_पुणेकर

मी पाहुणाच. आईवडील नोकरीनिमित्त पुण्यात आलेले, आजी-काका अकोटला. लेख वाचताना थोडं लागलं, ते आधी सांगतो. आठवणींना असं तपासायला घेतलं तर आमच्याकडे उरतं काय?

पण शहराचीही बाजू मांडू द्या. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सुट्टी लागायच्या आधीच तिचे आठवडे भरलेले: सकाळी पोहणं, मग चित्रकला, मग रोबोटिक्स. प्रत्येकाची फी वेगळी. खाली खेळायला एकटी सोडत नाही, सोसायटीच्या आवारात चेंडू खेळायला बंदी आहे. पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडेही मार्चपासून टँकर लागतात. फरक इतकाच की ते टाकीत कधी रिकामे होतात ते आम्हाला कळत नाही, महिन्याच्या बिलात कळतं. तुमच्या सहावीतल्या मुलीला पाणी कुठून येतं ते ठाऊक आहे. माझ्या मुलीला माहीत नाही, आणि मला त्याची काळजी वाटते.

अकोटच्या आठवणी मी सोडणार नाही. आजी माठातलं पाणी तांब्यात ओतून द्यायची, ते पाणी तसं पुन्हा कुठं प्यायलो नाही.

धुऱ्यावरून

ताई, बराबर मुद्द्यावर बोट ठेवलं तुमी. मी वाशिम जिल्ह्यातला कास्तकार हाये. पुन्यामुंबईच्या लोकायले एक गोष्ट सांगतो, थे कोनी सांगत नाई. मे महिना आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात कोरडा महिना रायते, पान्यानं बी अन् पैशानं बी. कापसाची उलंगवाडी, म्हंजे शेवटची येचनी, कवाचीच झाली. तूर, हरबरा इकून मोकळं झालो. त्या पैशात घरातलं लगन झालं, दुकानाची उधारी फिटली. आता मिरगाच्या आंदी बियानं पायजे, खत पायजे. ब्यांकेत गेलं त मागचं भरा, मंग नवीन देतो म्हन्ते. वखरपाळी बाकी, शेनखत टाकाचं बाकी. अन् याच महिन्यात घरी पावने.

पावन्याचं ओझं वाटते असं नाई, हे पयलेच सांगतो. भइन, भाचे आले त घर भरते. माही माय त पाडवा झाला का दिवस मोजाले लागते. पन पुन्याचं पोट्टं पयल्या दिवशी इचारते, मामा कूलर कुठं हाये? मंग कूलर आना लागते, नाई त जुन्याचं गवत बदला लागते, मोटर पाहा लागते. रसाले आंबे पायजे. आमच्या वावरात गावरान आंब्याचे झाडं व्हते, थे वाटन्यात गेले, काही तोडल्या गेले. आता रसाचे आंबे बजारातून आनतो आमी. पावन्याले वाटते गावात आंबे फुकट रायतात.

अक्षय तृतीयेले भेंडवळची घटमांडनी झाली, थे धान्य मांडून पावसापान्याचं भाकीत सांगतात थे. दुसऱ्या दिवशी भाकीत आलं, आमच्या गावात सारे मोबाईलवर ऐकत व्हते. तुमी इस्वास ठेवा का नका ठेवू. पन ज्याच्या जवळ बियान्याचे पैसे नाई अन् पावसाचा भरवसा नाई, थो मानूस काय ऐकाले बसला असन, थे समजून घ्या.

अन् पोट्टे वावरात काम करतात म्हनून कोनी नाक मुरडू नका. माहा पोरगा सातवीत हाये. जमीन कवा वखराची अन् कवा नाई, थे त्याले पायात समजते. पन शाळा सुरू झाली का मी त्याले एक दिवस वावरात नेत नाई, हे बी लिहून ठेवा.

खारपाण

धुऱ्यावरून दादा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहिरीला पाणी असतं, तुडुंब असतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, विहीर भरली आहे मग तक्रार कसली?

आम्ही घरचे. मुंबईची आत्या मुलांना घेऊन यायची त्या महिन्यात गोडं पाणी वेगळ्या घागरीत यायचं, दुसऱ्या गावाहून, बंडीवर. ती घागर पाहुण्यांची. चहा त्याच पाण्याचा, कारण खाऱ्या पाण्याच्या चहानं आत्याच्या मुलांना ढवळायचं. आम्ही बहिणी त्या घागरीला हात लावत नव्हतो. कोणी मना केलं नव्हतं, कळायचंच. आई वर्षभर खारंच प्यायली. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार किती घरांत आहेत ते तिकडच्या माणसाला विचारा, सांगायला फार शोधावं लागत नाही. आता नळयोजनेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधले दिवस वाढत जातात आणि घरात जेवढी भांडी असतील तेवढी भरून ठेवावी लागतात.

आत्याचा मुलगा अजून आमच्या अंगणातल्या चांदण्यांबद्दल बोलतो. प्रेमानं बोलतो, मला आवडतं. त्याला त्या घागरीबद्दल मी गेल्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर आईसाठी पाणी शुद्ध करायचं यंत्र पाठवलं.

झाडीचा_मास्तर

मी गडचिरोली जिल्ह्यात कोरची तालुक्यात आहे. ताईंच्या गावाचं आणि आमचं चित्र वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. विदर्भ म्हटलं की लोक वऱ्हाडच धरतात, इकडची झाडीपट्टी राहून जाते.

आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्ता, बिडी वळायची पानं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून होतात, तीही पहाटेच, कारण फुलं रात्रीतून गळतात आणि उशीर झाला की गुरं, हरणं खाऊन टाकतात. मग पत्त्याचा हंगाम. तो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पानं कोवळी नकोत, जून नकोत. अंधारातच घर अख्खं जंगलात जातं, ऊन चढायच्या आत ओझी घेऊन परत येतं. मग दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पानं. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागी, न्यायचे, तिथं मोजून घेतात आणि जमिनीवर ओळीनं वाळत घालतात. मोजणीत सर्वांत तरबेज कोण, तर आमची चौथी-पाचवीतली मुलं. वर्गात पाढे म्हणायला लाजणारी मुलगी फळीवर आईच्या पुड्यांचा हिशेब मुन्शीला चुकू देत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जूनमध्ये मी सत्तरचा पाढा तिथूनच सुरू करतो.

दुसरी गोष्ट हक्काची. आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात गावोगावी दावे झाले. आज कोरचीतल्या ग्रामसभा पत्त्याचा लिलाव स्वतः करतात. भाव काय धरायचा, कोणाला द्यायचा, यावर गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या घरात, रात्र रात्र चर्चा होते, बायाही बोलतात. हे पैसे घरात येतात तेव्हा पेरणीची सोय होते आणि मुलांच्या वह्या-दप्तरं येतात. म्हणून आमच्या मुलांना सुट्टीत राबणारी बिचारी असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही.

भीती मात्र आहे, ती झाकत नाही. पत्ता तोडणारा माणूस वाकलेला असतो, झुडपात असतो. चंद्रपूर, गडचिरोलीत दर उन्हाळ्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, त्यात पत्ता तोडायला गेलेल्या बाया असतात. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळपही या भागात फिरतो. शहरातला पाहुणा वाघ बघायला ताडोब्याला पैसे भरून येतो. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात एक बाई वाघ दिसू नये म्हणून हाका देत देत जंगलात चालत असते. शहर आणि गाव यांतला फरक मला विचाराल तर हा आहे.

चौथा_मजला

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आता एक गोष्ट, जी वाचायला कोणाला आवडणार नाही कदाचित.

मी पुसद तालुक्यातल्या गावात वाढले. घरचीच. पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे, दोन मैत्रिणींसोबत चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहते. मला गाव आठवतं, आईच्या हातचे रोडगे आठवतात, पण मला परत जायचं नाही.

मुलगी वयात आली की तिची सुट्टी संपते. भावांना नाल्यावर जायची मुभा, मला अंगणापर्यंत. अंधार पडायची वाट बघून शौचाला जायचं, पुढे घरी संडास झाला तेव्हा मी अकरावीत होते. मे महिना लग्नसराईचा, म्हणजे नातेवाइकांच्या गर्दीत कोणीतरी आपल्याला पाहतंय याचा महिना. दहावीच्या सुट्टीत माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं. आमच्या शाळेतल्या बाईंनी घरी येऊन वडिलांशी बोलणं केलं म्हणून अकरावीला नाव लागलं. त्या बाई सुट्टीत गावात होत्या म्हणून आल्या. त्या दिवशी त्या त्यांच्या गावी असत्या तर मी आज हे लिहीत नसते. ताई, तुम्ही विचारलंत ना, शिक्षिकेनं काय करावं? घरोघरी जाऊन बसा. सातवीच्या मुलींकडे आधी.

पुण्यात मला कोणी ओळखत नाही, याचं इथल्या लोकांना वाईट वाटतं. मला बरं वाटतं. रात्रपाळी संपवून सहा वाजता रस्त्यानं चालत येते, दिवे असतात, दूधवाला असतो, कोणी विचारत नाही कुठून आलीस. आजारी पडले तेव्हा मात्र शेजारचं दार आठ दिवसांत एकदाही वाजलं नाही. गावात असते तर पहिल्या तासात चार बाया डोक्याशी असत्या. दोन्ही खरं आहे.

पालक_एक

वरची चर्चा चांगली आहे, पण शिक्षकांना एवढी मोठी सुट्टी हवीच कशाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या तालुक्यात बरेचसे गुरुजी शहरात राहतात, शाळा सुटली की गाडीला किक मारतात. सुट्टीत तर वर्षभराचं नातंच तुटतं. मुलं शिकलेलं विसरतात. विदर्भात तर शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते.

शाळाताई

@पालक_एक, राग समजू शकते. गावात न राहणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, राहण्यानं काय फरक पडतो हे 'चौथा_मजला' यांनी वर लिहिलंच आहे. फक्त एक सांगते, चांगली खोली, पाणी, दवाखाना आणि लेकरांची शाळा या चार गोष्टींपायी शिक्षक तालुक्याला राहतो. गावातली माणसं ज्या कारणानं गाव सोडतात तीच ही कारणं आहेत.

उशिरा उघडण्याचं कारण ऊन. २०२४ मध्ये बाकी राज्यात शाळा १५ जूनला उघडल्या आणि विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये ते अंतर कमी झालं, तिकडे १६ जून, इकडे २३ जून, आणि सुरुवातीचे दिवस सकाळची शाळा. त्याच वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत, पंखा बंद, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पहिली-दुसरीची लेकरं पेपर लिहीत होती. नागपुरात २०१३ च्या २३ मेला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. पुण्यात बसून ठरवलेलं वेळापत्रक इथं चालत नाही, ही आमची मागणी हौसेची नाही.

सुट्टीतही काम असतं. मतदार याद्यांचं काम माझ्याकडे आहे. दाखलपात्र मुलांच्या घरी जावं लागतं, कारण कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाड्या आता आमच्या गावापर्यंत येतात आणि मे महिन्यात त्यांचे लोकही दारोदार फिरतात. पट वीसच्या खाली गेला की शाळेवर टांगती तलवार. पण मुलं विसरतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. जूनअखेर दुसरीतली मुलं जोडाक्षरावर अडतात. त्याचसाठी हा धागा काढला.

'झाडीचा_मास्तर' सर, सत्तरच्या पाढ्याची गोष्ट फार आवडली. आमच्याकडे शेंगा मापानं मोजतात, तिथून अपूर्णांक शिकवता येतील असं तुमचं वाचून सुचलं. 'चौथा_मजला', उद्यापासून सातवीच्या घरी जाते आहे.

खंजिरी

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला धरून लिहितो. गावात काही नवीन उभारण्याआधी बघा, गुरुदेव सेवा मंडळाची शाखा आहे का. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यात आहे आणि विदर्भातल्या गावागावांत सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. उन्हाळ्यात मंडळाची मुलांची सुसंस्कार शिबिरं होतात. मी अशाच एका शिबिरात खंजिरी वाजवायला शिकलो. पहाटे उठणं, ध्यान, व्यायाम, गाव झाडणं, संध्याकाळी भजन. फी नाममात्र, धान्य गावातूनच गोळा होतं.

सगळ्यांना धार्मिक अंग रुचेल असं नाही, पण संध्याकाळी प्रार्थनेला जी माणसं जमतात त्यांच्यापाशी वेळ आणि जागा असते. मुलांना तिथं बसवून पुस्तक वाचायला कोणी नाही म्हणणार नाही. महाराजांचं सारं काम गाव उभं करण्याचंच होतं.

धुऱ्यावरून

चौथा मजला ताई, तुमचं वाचलं. माह्या घरी नववीतली पोरगी हाये. बायकोले वाचून दाखवलं, थे म्हने हे खरं हाये. आमच्या घरी यंदा एक स्थळ आलं व्हतं. काल फोन करून सांगतलं, बारावी झाल्याशिवाय इचारू नका.

अकोटचा_पुणेकर

खारपाण ताईंचा प्रतिसाद वाचून अकोटला काकूंना फोन केला. विचारलं, आम्ही यायचो तेव्हा पाणी कोण भरायचं? काकू म्हणाल्या, "मी अन् तुही आजी. आजी पडली तवापासून मी एकलीच." आजी विहिरीच्या पायरीवर पडली होती हे मला माहीत होतं. कोणत्या महिन्यात, ते माहीत नव्हतं.

या वर्षी मुलीला घेऊन जातोय, पण कूलर आणि रसाच्या आंब्यांची व्यवस्था माझ्याकडे, असं काकांना आधीच कळवलं आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लोक म्हणतात गाव जवळ आलं. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, गाडी वेगात जाते, पण काकूंशी एवढं बोलायला मला आजवर रस्ता नव्हता असं काही नाही.

शाळाताई

भाची आणि भाचा येऊन आठवडा झाला. दोघांचं काय चाललंय ते सांगते, कारण इथल्या काही प्रतिसादांनी त्यांचा कार्यक्रम बदलला.

मी ठरवलं की काही वेगळं दाखवायचं नाही, घरात जे चाललं आहे त्यात घ्यायचं. भाची तेरा वर्षांची. ती आणि माझ्या वर्गातली ती सहावीतली मुलगी आता पहाटे सोबत हातपंपावर जातात. पहिल्या दिवशी भाचीला अर्धी घागर जमली. तिनं मला विचारलं, "हिला रोज हे करावं लागतं तर नळ का नाही?" मी म्हटलं, हे तू सरपंचांना विचार. तिनं खरंच विचारलं. योजनेची टाकी बांधून तयार आहे, वीजजोडणी बाकी आहे, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून दोघी मिळून ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज लिहीत आहेत. माझ्या विद्यार्थिनीचं अक्षर भाचीपेक्षा सुंदर आहे, म्हणून लिहायचं काम तिच्याकडे आहे. मजकुरावरून मात्र रोज भांडण होतं.

भाचा लहान. त्याला करमत नव्हतं, दुपारी वीज गेली की तो रडकुंडीला यायचा. बारा ते चार ही वेळ गावात खरंच कठीण असते, लहानांना आणि म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त. दार लावून, ओला पंचा अंगावर घेऊन सगळं गाव गप्प पडलेलं असतं. शेवटी त्यानं वर्गातल्या शेळ्यावाल्या मुलाशी दोस्ती केली. त्या मुलाला पुण्याच्या मेट्रोबद्दल सगळं हवं होतं, ती वळते कशी, ड्रायव्हर दिसतो का, तिकीट कोण बघतं. भाच्यानं मातीत रूळ आखून दाखवले. बदल्यात त्याला पळसाच्या पानाचा द्रोण करता येतो आता.

सातवीच्या सगळ्या मुलींच्या घरी जाऊन आले. दोन घरी पुढच्या शाळेचं ठरलेलं नव्हतं, कारण आठवीची शाळा दुसऱ्या गावी आहे आणि एसटीची वेळ जुळत नाही. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पासचं काय करायचं? पाच गावांतल्या मुलींची नावं एकत्र करून आगाराला निवेदन द्यायचं ठरलं आहे. शेजारच्या गावचे गुरुजी सुट्टीवर असूनही सहीला आले.

आणि वाचनाचं. शाळेतली गोष्टींची पुस्तकं सुट्टीत कपाटात बंद असतात. ती मुख्याध्यापकांना विचारून एका पत्र्याच्या पेटीत काढली. 'खंजिरी' यांनी सुचवल्याप्रमाणे प्रार्थनेच्या आधी तासभर हनुमान मंदिराच्या पारावर पेटी उघडते. पहिली-दुसरीतल्यांना सातवीची मुलं वाचून दाखवतात. शेंगा तोडून आलेल्या दोघी बहिणी रोज येतात, बोटं मातीनं भरलेली असतात, म्हणून पाराजवळ एक बादली ठेवली आहे. पुस्तकं मळली तर मळू देत, असं मुख्याध्यापकांनीच सांगितलं.

२४ तारखेला मुलांना घेऊन नागपूरला निघेन. त्यानंतर पेटीची किल्ली अंगणवाडी ताईंकडे राहील, त्यांनी स्वतःहून मागितली. जोडाक्षरांची पुस्तकं आमच्याकडे कमी आहेत. कोणाच्या घरी लहान मुलांची वाचून झालेली मराठी पुस्तकं असतील तर मला इथं निरोप करा, पत्ता कळवते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मिळाली तर दुसरीच्या मुलांना लगेच उपयोगी पडतील.